टँजियरमधली बिऱ्हाडे

मोरोक्कोच्या उत्तर टोकाला, अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र जिथे एकमेकांना भेटतात, तिथे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर टँजियर वसले आहे. सामुद्रधुनीच्या सर्वांत अरुंद भागात दोन खंडांमध्ये जेमतेम १४ किलोमीटर पाणी उरते. हवा स्वच्छ असेल तर कसब्याच्या, म्हणजे जुन्या बालेकिल्ल्याच्या, तटावरून स्पेनचा किनारा दिसतो, रात्री तिथल्या गावांचे दिवेही दिसतात. गावाचे अरबी नाव तंजा. लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेलेली. परदेशी माणसाने इथे यावे, घर भाड्याने घ्यावे, काही वर्षे काढावीत आणि एक तर निघून जावे किंवा इथल्याच मातीत पडावे, हा प्रकार या शहराला शतकानुशतके अंगवळणी पडला आहे. अलीकडे त्यात लॅपटॉपवर पोट असलेल्यांची भर पडली. पॅरिस, बर्लिन किंवा न्यूयॉर्कचे काम टँजियरच्या गच्चीवरून करणारे हे डिजिटल भटके स्वतःला नव्या युगाचे समजतात. त्यांचे राहणे ज्या सोयींवर चालते, त्यांतल्या बऱ्याचशा फार जुन्या आहेत, आणि त्या कोणी व कशासाठी केल्या हे पाहिल्याखेरीज हे शहर नीट कळत नाही.

मराठी वाचकाला या कथेचा एक धागा घरच्याच इतिहासात सापडतो. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला आणि मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्याच करारात टँजियरही होते, आणि लंडन दरबाराला त्या वेळी मुंबईपेक्षा टँजियरचेच अप्रूप अधिक होते. मुंबई १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकली गेली. टँजियरमध्ये मात्र तटबंदी, फौज आणि समुद्रात लांबवर नेलेला दगडी धक्का यांवर खजिना रिता होत राहिला. भोवतालच्या मोरोक्कन फौजांनी तटाबाहेर पाऊल टाकणे मुश्कील केले. १६८३ मध्ये शहर सोडायचे ठरले, तेव्हा घरमालकांच्या भरपाईचा हिशेब करायला रोजनिशीकार म्हणून आज ओळखला जाणारा सॅम्युअल पेपिस तिथे गेला होता. गाव त्याला बिलकुल आवडले नाही. इंग्रजांनी स्वतः बांधलेला धक्का स्वतःच सुरुंगाने उडवला आणि १६८४ मध्ये जहाजे हाकारली. एकाच लग्नात मिळालेल्या दोन बंदरांपैकी ज्याच्यावर पैसा उधळला ते गेले आणि जे भाड्याने दिले ते राहिले.

उलट दिशेचा प्रवास त्याहून जुना आहे. १३०४ साली टँजियरमध्ये जन्मलेला इब्न बतूता १३२५ मध्ये हजसाठी निघाला आणि पुढची बरीचशी हयात बाहेरच राहिला. शहराच्या विमानतळाला आज त्याचेच नाव आहे. त्याचे दिल्लीतले वास्तव्य इथे मुद्द्याचे. मुहम्मद तुघलकाला परदेशी माणसे जवळ करण्याचा शौक होता. त्याने या टँजियरकराला दिल्लीचा काझी नेमले. इब्न बतूताने प्रामाणिकपणे सांगितले की आपण मालिकी परंपरेतले, इथले लोक हनफी, शिवाय इथली भाषाही आपल्याला येत नाही. सुलतानाने त्यावर तोडगा काढला: काम जाणणारे दोन मदतनीस दिले आणि पगार काझीचा चालू ठेवला. परदेशी असण्याचाच मोबदला मिळणे आणि रोजचे काम स्थानिकांनी निभावून नेणे, हा नमुना पुढे अनेक शहरांत दिसला. दिल्लीहून चीनकडे वकील म्हणून निघालेला इब्न बतूता दौलताबादेत थांबला. तिथल्या मराठ्यांविषयी, द्राक्षे-डाळिंबांविषयी आणि गाणाऱ्यांच्या भल्यामोठ्या बाजाराविषयी त्याने लिहून ठेवले आहे. नंदुरबारचीही नोंद आहे.

इंग्रज गेल्यावर टँजियर सुलतानाकडे परत आले. मोरोक्कोच्या सुलतानांना युरोपीय वकिलाती राजधानी फेजमध्ये नको होत्या, म्हणून त्यांनी त्या टँजियरमध्ये ठेवल्या: हाताशी, पण दरबारापासून दूर. १८२१ मध्ये सुलतान मौले सुलेमान याने अमेरिकेला मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, एक घर भेट दिले. अमेरिकेच्या सरकारची परदेशातली ही पहिली मालमत्ता. आज तिथे संग्रहालय आहे. वकिलातींबरोबर एक जालीम सवलत आली. परदेशी वकिलाच्या छत्राखाली आलेल्या मोरोक्कन माणसालाही सुलतानाचा कर आणि सुलतानाचे न्यायालय चुकवता येऊ लागले. व्यापारी, दलाल, दुभाषे अशा छत्राच्या मागे लागले आणि सुलतानाच्या तिजोरीला भोक पडले. १८८० मध्ये माद्रिदला भरलेल्या परिषदेचा विषय हाच होता. त्या परिषदेने ही पद्धत बंद केली नाही, तिला नियम घालून दिले.

१९१२ मध्ये मोरोक्को फ्रान्स आणि स्पेन यांनी वाटून घेतला. सामुद्रधुनीच्या तोंडावरचे हे बंदर एकाच सत्तेच्या हाती जाऊ नये, अशी ब्रिटनची इच्छा होती. अखेर डिसेंबर १९२३ मध्ये पॅरिसला तिन्ही देशांनी एका विधिपत्रावर सह्या केल्या आणि टँजियर व भोवतालचा मुलूख ‘आंतरराष्ट्रीय क्षेत्र’ झाला. मधल्या काळात, १९४० ते १९४५, ते स्पेनने बळकावले होते. तो काळ सोडला तर १९५६ पर्यंत ही व्यवस्था टिकली.

या व्यवस्थेची रचना विलक्षण होती. सार्वभौमत्व नावापुरते सुलतानाचे आणि त्याचा प्रतिनिधी मेंदूब. प्रत्यक्ष नियंत्रण परदेशी वकिलांच्या समितीकडे. एक विधानसभा होती, तिच्यात बहुमत परदेशी प्रतिनिधींचे. सुलतानाच्या प्रजेला, जी शहरात संख्येने सर्वांत मोठी होती, तिला नऊ जागा: सहा मुसलमानांना, तीन यहुद्यांना. परदेशी माणसांचे खटले मिश्र न्यायालयात चालत, मुसलमानांचे मेंदूबापुढे. फ्रान्सचे, स्पेनचे आणि ब्रिटनचे टपाल कार्यालय वेगवेगळे. पत्र कोणत्या देशाच्या तिकिटावर जायचे हे माणूस आपल्या सोयीने ठरवी. फ्रँक आणि पेसेटा दोन्ही चालत. प्राप्तिकर नव्हता, जकात नाममात्र होती, दुसऱ्या महायुद्धानंतर सोन्याचा बाजार मोकळा होता. साहजिकच बँका, नामधारी कंपन्या, तस्कर आणि हेर यांची गर्दी झाली. या गर्दीत हिंदुस्थानी माणूसही होता. हैदराबाद-सिंधचे ‘सिंधवर्की’ व्यापारी भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने दुकाने थाटत गेले. जिब्राल्टर आणि टँजियर ही त्यांची ठाणी होती. रेशीम, जपानी वस्तू, पुढे घड्याळे आणि रेडिओ असा माल ते जहाजांवरून उतरणाऱ्यांना विकत. परदेशी लेखकांच्या आठवणींत या दुकानदारांना क्वचितच ओळ मिळते.

लेखकांना मात्र भरपूर ओळी मिळाल्या, आणि जगाच्या मनातले टँजियर मुख्यतः त्यांनीच घडवले. अमेरिकन संगीतकार-लेखक पॉल बोल्स पहिल्यांदा १९३१ मध्ये आला तो लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या सल्ल्यावरून. १९४७ मध्ये तो राहायला आला आणि १९९९ मध्ये मरेपर्यंत त्याचे घर तिथेच राहिले. त्याची ‘द शेल्टरिंग स्काय’ ही कादंबरी १९४९ ची. अमेरिकन लेखक विल्यम बरोज १९५४ मध्ये आला. एल मुनीरिया नावाच्या छोट्या हॉटेलातल्या खोलीत त्याने लिहिलेल्या विस्कळीत पानांची ‘नेकेड लंच’ झाली. १९५७ मध्ये त्याचे लेखकमित्र केरुअॅक आणि गिन्सबर्ग तिथे आले तेव्हा त्या पानांचे टंकलेखन आणि जुळणी हेच त्यांना काम पडले. कसब्यात बार्बरा हटन या गडगंज अमेरिकन वारसदारणीचा वाडा होता. राहणे स्वस्त, अफू-गांजा सहज, पोलीस परदेश्यांकडे काणाडोळा करणारे. आपल्या देशात ज्यासाठी तुरुंगात जावे लागले असते ते इथे निवांत करता येई, हेही अनेकांच्या येण्याचे कारण होते. लेखनस्वातंत्र्याची म्हणून जी टँजियर-कथा सांगितली जाते, तिच्या तळाशी विनिमयाचा दर आणि १९२३ ची ती सही आहे.

त्याच गल्ल्यांत त्याच वर्षांत वाढलेल्या एका मुलाने या कथेची दुसरी बाजू लिहिली. मोहम्मद शुक्री १९३५ मध्ये रीफच्या डोंगराळ भागात जन्मला. दुष्काळाने हाकललेले कुटुंब टँजियरला आले. भूक, बापाची मारहाण, बंदरावरची हमाली आणि चोऱ्यामाऱ्या यांत त्याचे बालपण गेले. अक्षरओळख झाली तेव्हा त्याची विशी आली होती. त्याचे आत्मकथन आधी इंग्रजीत, १९७३ मध्ये, बोल्सच्या अनुवादाने आले. बोल्सला लिखित अरबी वाचता येत नव्हते, त्यामुळे शुक्रीने ते बोलीतून आणि स्पॅनिशच्या आधाराने त्याला सांगितले. मोरोक्कन लेखक ताहर बेन जेलूनने केलेला फ्रेंच अनुवाद १९८० चा. मूळ अरबी ‘अल-खुब्झ अल-हाफी’, म्हणजे कोरडी भाकर, १९८२ मध्ये छापली गेली, पुढच्याच वर्षी मोरोक्कोत तिच्यावर बंदी आली आणि ती २००० पर्यंत राहिली. म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या शहरात त्याचे पुस्तक सतरा वर्षे उघड विकता येत नव्हते, आणि ज्याला ते वाचता येत नव्हते त्याच्या नावाबरोबर ते जगभर फिरत होते. दलित आत्मकथनांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे पुस्तक परके वाटण्याचे कारण नाही.

शुक्रीने पुढे बोल्सवरही एक पुस्तक लिहिले आणि त्यात हातचे राखले नाही. त्याचा मुख्य आक्षेप असा, की बोल्सला मोरोक्को हवा होता, मोरोक्कन माणसे हवी होती असे नाही. देश जुना, गरीब आणि गूढ राहावा अशी त्याची इच्छा होती. आक्षेप पुरता न्याय्य नाही. मोरोक्कन लोकसंगीत नाहीसे होण्याआधी ध्वनिमुद्रित करावे म्हणून १९५९ मध्ये बोल्सने गावोगाव हिंडून केलेले काम आजही मोलाचे आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या मोहम्मद मराबेतसारख्या कथाकारांना त्याच्यामुळेच वाचक मिळाले. तरीही शुक्रीने नेमकी जागा दाखवली. ज्या मागासलेपणाचे परदेशी भाडेकरूला सुख वाटते, त्यातून बाहेर पडणे ही स्थानिकाची आयुष्यभराची धडपड असते. दोघेही एकाच कॅफेत बसून एकाच पेल्यातून पुदिन्याचा चहा पीत असले तरी हे अंतर मिटत नाही.

९ एप्रिल १९४७ रोजी सुलतान पाचवा मोहम्मद याने टँजियरमध्ये, मेंदूबाच्याच बागेत, भाषण करून स्वातंत्र्याची आणि अखंड मोरोक्कोची भाषा केली. बाजाराच्या मोठ्या चौकाला आज त्या तारखेचे नाव आहे. १९५६ मध्ये स्वातंत्र्य आले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय क्षेत्र रद्द झाले. करसवलती राजाच्या सनदेने १९६० पर्यंत ओढल्या गेल्या, मग संपल्या. सोने जिनिव्हाकडे आणि इतरत्र हलले, बँका उठल्या. पुढची जवळजवळ चार दशके शहर दुर्लक्षित राहिले. त्याचा चेहरा बदलला तो १९९९ नंतर, राजा सहाव्या मोहम्मदच्या काळात. २००७ मध्ये पूर्वेला टँजर-मेद बंदर सुरू झाले. आज ते आफ्रिकेतले सर्वांत मोठे कंटेनर बंदर आहे. २०१२ मध्ये रेनोचा मोटारींचा कारखाना आला, २०१८ मध्ये ताशी ३२० किलोमीटरने धावणारी ‘अल बोराक’ रेल्वे, जी कासाब्लांका सव्वादोन तासांच्या आत गाठते. बोल्सला यांतले काहीही आवडले नसते.

आजचा परदेशी या बदललेल्या शहरात येतो. घर शोधण्याची पहिली पायरी म्हणजे समसार, म्हणजे दलाल. तो गल्लीच्या तोंडाशी कॅफेत बसलेला असतो आणि कोणाची गच्ची रिकामी आहे हे त्याला तोंडपाठ असते. दलाली साधारण एक महिन्याचे भाडे. घरमालक बहुधा लेखी करार टाळू पाहतो, कारण करार झाला की भाड्यावर कर आला. भाडेकरूला मात्र करार हवा असतो, कारण त्यावर नगर कार्यालयात सह्यांचा शिक्का पडल्याखेरीज निवासाचे कार्ड मिळत नाही. या ओढाताणीत कित्येक बिऱ्हाडे तोंडी बोलीवरच वर्षानुवर्षे चालतात. मदिनेतले घर विकत घेणाऱ्यांची कथा आणखी गुंतागुंतीची. परदेशी माणसाला शहरात घर घेता येते, शेतजमीन घेता येत नाही. पण जुन्या घरांचे कागद अनेकदा अदूल म्हणजे धार्मिक लेखनिकांनी केलेले असतात, सरकारी भूनोंदणीत चढलेले नसतात. वारस डझनावारी, त्यांतले निम्मे बेल्जियम-हॉलंडात. पुण्यातल्या जुन्या वाड्याचा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला याचे वर्णन करून सांगायला नको.

हवामानाबद्दल आफ्रिका या शब्दाने फसगत होते. हिवाळ्यात टँजियरला धो धो पाऊस पडतो, भिंती ओल धरतात, घरांत उष्णतेची सोय नसते आणि फरशी हाडापर्यंत गार असते. उन्हाळ्यात ‘शर्की’ म्हणजे पूर्वेचा वारा सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. गच्चीवरची कपड्यांची दोरी, स्पेनची फेरी आणि माणसांचा स्वभाव, तिन्ही त्याच्या तडाख्यात सापडतात. पाणी तापवायला आणि स्वयंपाकाला १२ किलोचा ब्युटेनचा सिलिंडर लागतो. त्याला सरकारी अनुदान आहे: वर्षानुवर्षे तो ४० दिरहमला मिळे, मे २०२४ मध्ये ५० चा झाला. हे अनुदान गरीब घरांसाठी आहे, पण युरोत कमावणाऱ्याच्या अंघोळीचे पाणीही त्यावरच तापते. ‘इथे किती स्वस्त आहे’ असे जे सांगितले जाते, त्या स्वस्ताईत मोरोक्कन खजिन्याचा वाटा कोणी वजा करत नाही. त्याच शहरात ऑक्टोबर २०१५ मध्ये हजारो कुटुंबांनी शनिवारी संध्याकाळी दिवे मालवून मेणबत्त्या लावल्या आणि रस्त्यावर उतरून वीज-पाण्याच्या वाढत्या बिलांचा निषेध केला. वितरण तेव्हा एका फ्रेंच कंपनीच्या उपकंपनीकडे होते. राजाच्या हुकमाने सरकारला त्यात लक्ष घालावे लागले.

रोजचा व्यवहार कोपऱ्यावरच्या हानूतवर चालतो. दुकान एवढे अरुंद की दुकानदार हात लांबवून कुठलीही वस्तू काढतो. अंडी एकेक मिळतात, लोणी तुकड्याने, आणि गल्लीतल्या गिऱ्हाइकांचे उधारीचे खाते एका जाड वहीत असते. परदेशी माणसाला उधारीची गरज नसते. तरी त्याचे नाव त्या वहीत येते तेव्हा तो गल्लीचा झाला असे मानायला हरकत नाही. गुरुवारी आणि रविवारी डोंगरातल्या जबाला बायका लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मंदील कमरेला गुंडाळून, लोकरीचे गोंडे लावलेल्या गवती टोप्या घालून बाजारात बसतात, पानांत गुंडाळलेले ताजे चीज विकतात. थंडीत बिसारा: वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचे दाट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. संध्याकाळी हातगाडीवर केलिंटे मिळते. चण्याच्या पिठात पाणी, अंडे आणि तेल कालवून भट्टीत भाजलेला हा पदार्थ जिब्राल्टरमध्येही आहे. कागदावर ठेवलेला गरम तुकडा जिरे भुरभुरून हाती आला की पाटवडीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शुक्रवारी दुपारी कुसकुस, आणि शेजारघरातून त्याचे एक ताट परक्याकडे येणे ही अजून मोडून न पडलेली रीत आहे.

कॅफे हे इथले खरे कार्यालय, पण सर्वांसाठी सारखे नाही. जुन्या कॅफेंत दहा-बारा दिरहमच्या एका ‘नुस-नुस’वर, म्हणजे निम्मे दूध निम्मी कॉफी, दिवसभर बसता येते. बसणारे मात्र पुरुषच. खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात. बाईने तिथे एकटीने बसणे आजही लोकांच्या नजरेत येते. परदेशी बाईला ती नजर चुकवता येत नाही, पण तिला त्यातून जी सूट मिळते ती गल्लीतल्या मुलीला मिळत नाही. बुलेवार्ड पाश्चरच्या मागचे आणि मलाबाताकडचे नवे कॅफे वेगळे: वायफाय, मिश्र गर्दी, दुप्पट दर. १९२१ पासून कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेल्या कॅफे हाफामध्ये दोन्ही जग शेजारी दिसतात. परदेशी माणूस तिथे समुद्र पाहायला येतो. ताहर बेन जेलूनच्या २००६ च्या ‘पार्तिर’ या कादंबरीतले तरुण तिथेच बसून समोरच्या स्पेनचे दिवे मोजतात.

घड्याळाचीही एक गंमत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोरोक्कोने ग्रीनिचच्या एक तास पुढची वेळ कायम केली, रमजान तेवढा वगळून. रमजानपूर्वी घड्याळ एक तास मागे जाते, ईदनंतर पुन्हा पुढे येते. पुण्याच्या कार्यालयासाठी टँजियरहून काम करणाऱ्याला सकाळी दहाची बैठक एरवी पहाटे साडेपाचला येते, रमजानात साडेचारला, जेव्हा शेजारी सहरीसाठी उठलेले असतात. रमजानात दिवसा बहुतेक कॅफे बंद, आणि सूर्यास्ताआधीची पंधरा मिनिटे टॅक्सी मिळणे अशक्य. मग सारे शहर हरीरा नावाच्या सुपाच्या वाटीवर एकदम शांत होते आणि रात्री नऊनंतर असे जागे होते की लहान पोरेही मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर असतात. इंटरनेटची जोडणी आता चांगली आहे, पण ती कोणाच्या मर्जीवर आहे हे २०१६ मध्ये दिसले. त्या जानेवारीत तिन्ही दूरसंचार कंपन्यांनी व्हॉट्सअॅप, स्काइप आणि व्हायबरवरचे बोलणे बंद केले आणि नियामकाने त्यांची बाजू घेतली. परदेशात मुले असलेल्या लाखो मोरोक्कन घरांत संताप उसळला. जागतिक हवामान परिषदेसाठी पाहुणे माराकेशला येण्याच्या सुमारास, नोव्हेंबरमध्ये, बंदी उठली.

कागदपत्रांच्या बाबतीत बहुतेक डिजिटल भटके पर्यटकच असतात. युरोपीय संघ, ब्रिटन किंवा अमेरिकेच्या पारपत्रावर व्हिसाशिवाय ९० दिवस मिळतात. भारतीय पारपत्राला आधी व्हिसा काढावा लागतो. ९० दिवस भरत आले की तासाभराच्या फेरीने स्पेनमधल्या तारिफाला किंवा रस्त्याने स्पेनच्याच ताब्यातल्या सेउताला जायचे, जेवायचे, शिक्का घेऊन परतायचे. कायद्याने याला हक्क मानलेले नाही, अधिकाऱ्याच्या मनावर आहे. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिले तर माणूस करासाठी रहिवासी ठरतो, हे अनेकांना ठाऊक नसते किंवा ठाऊक असूनही आठवत नाही. ज्यांना खरेच राहायचे आहे ते पोलिसांच्या परदेशी-विभागात खेटे घालून निवासाचे कार्ड काढतात. त्यासाठीचा कायदा २००३ चा, क्रमांक ०२-०३. त्याच कायद्यात कागदांविना आलेल्यांना हाकलण्याची तरतूद आहे, आणि मोरोक्कन नागरिकाने चोरवाटेने देश सोडला तर त्याला शिक्षेचीही.

त्या कायद्याच्या दुसऱ्या अंगाखाली येणारे परदेशीही टँजियरमध्येच राहतात. सेनेगल, कॅमेरून, गिनी, कोट दिव्वार इथून आलेले हे लोक विमानतळाजवळच्या बुखालेफ वस्तीत अर्धवट बांधलेल्या इमारतींत एका खोलीत सात-आठ जण दाटीने राहतात. २०१३ ते २०१५ या काळात तिथे हल्ले झाले, माणसे मेली, पोलिसांनी घरे रिकामी करवली. याच सुमारास, २०१४ मध्ये, आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये सरकारने हजारोंना कागद दिले, तसे करणारे या भागातले देश फारसे नाहीत. तरी वर्गवारी कायम आहे. कसब्यात भाड्याने राहणारा फ्रेंच माणूस ‘एक्सपॅट’, बुखालेफमधला सेनेगाली ‘स्थलांतरित’, मग दोघांची भाषा फ्रेंच असो आणि दोघेही घर सोडून त्याच गावात आलेले असोत. मोरोक्कन तरुणाला तर मे १९९१ पासून समोरच्या किनाऱ्यासाठी व्हिसा लागतो. त्याआधी तो तिकीट काढून जात असे. व्हिसा न मिळाल्यावर रात्री होडीतून निघणाऱ्यांना इथे हर्रागा म्हणतात, जाळणारे, कारण पकडले गेल्यास ओळख पटू नये म्हणून ते कागद जाळतात. जी सामुद्रधुनी एकाला शिक्क्यापुरती ओलांडायची असते तिच्यात दुसऱ्याचे प्रेत सापडते, आणि हा फरक पारपत्राच्या रंगाने ठरतो. इतके उघड सत्य गच्चीवरच्या गप्पांत सहसा निघत नाही.

दूरवरून काम करणे ही परदेश्यांनी आणलेली नवलाई नाही. टँजियर आणि शेजारच्या तेतुआनमध्ये स्पेन व फ्रान्सच्या ग्राहकांचे फोन घेणारी कॉल सेंटरे वर्षानुवर्षे चालू आहेत. पदवीधर मुले-मुली कानाला हेडफोन लावून माद्रिदच्या विमाधारकाशी किंवा ल्योंच्या वीजग्राहकाशी त्याच्याच भाषेत बोलतात, बरेचदा फोनपुरते युरोपीय नावही घेतात. मुंबई-पुण्याच्या एका पिढीला हे चांगले आठवत असेल. कामाचा स्वभाव डिजिटल भटक्याच्या कामासारखाच: पडदा, फोन, दुसऱ्या देशातला मालक. पण त्याला पगार मालकाच्या देशाचा मिळतो, यांना खुर्ची जिथे आहे त्या देशाचा. मदिनेतल्या गच्चीचे भाडे युरोत मोजणारे आले की तीच गच्ची या मुलांच्या आवाक्याबाहेर जाते आणि ही मुले बेनी मकादासारख्या दाटीच्या वस्तीतून बसने ये-जा करतात. जून २०२५ मध्ये फ्रान्सने संमतीशिवाय विक्रीचे फोन करण्यास मनाई करणारा कायदा केला. तो ऑगस्ट २०२६ पासून लागू होईल असे ठरले. फ्रेंच ग्राहकाची कटकट कमी करणाऱ्या त्या कायद्याने मोरोक्कोतल्या फोन-विक्रीच्या नोकऱ्यांवर गदा येणार, हे तिथल्या कामगार संघटनांना लगेच कळले. कायदा ज्या संसदेत झाला तिच्यात त्यांचा प्रतिनिधी नाही.